घातक सागरी शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा परिणाम कसा मोजावा

२०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिक महासागरातील पाण्याचा एक प्रचंड पट्टा नेहमीपेक्षा बराच उबदार राहिला, आणि त्याच काळात, २०१५ साली, मध्य कॅलिफोर्नियापासून थेट अलास्कापर्यंत स्यूडो-निट्झशिया या डायटमचा (सिलिकाचे कवच असलेल्या एकपेशीय शैवालाचा) उद्रेक झाला. या डायटमने तयार केलेले डोमोइक आम्ल हे विष खेकड्यांत आणि शिंपल्यांत साठले, आणि अनेक ठिकाणी खेकड्यांचा हंगाम लांबणीवर टाकावा लागला. पाणी तापले म्हणून शैवाल माजले, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु त्या किनाऱ्यावर तळाकडून वर येणाऱ्या थंड पाण्याने पोषकद्रव्येही पुरवली होती, त्यामुळे एकट्या तापमानाचा वाटा किती, हे नुसते समुद्राकडे पाहून सांगता येत नाही. तो वाटा वेगळा काढायचा असेल, तर शैवाल प्रयोगशाळेत आणून, बाकीच्या सर्व गोष्टी शक्य तितक्या स्थिर ठेवून, केवळ तापमान बदलावे लागते. हे काम वरवर सोपे दिसते, पण त्यात चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे इनक्युबेटर, सूक्ष्मदर्शक आणि ऑक्सिजन संवेदक किंवा फ्लुरोमीटर (हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे चमक, मोजणारे यंत्र) आहे आणि जे हा प्रयोग प्रथमच मांडत आहेत, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

प्रकाशाशिवाय तापमानाला अर्थ नाही

प्रकाशसंश्लेषणाचे दोन भाग तापमानाला अगदी निराळा प्रतिसाद देतात. रंगद्रव्यांनी प्रकाश शोषणे आणि ती ऊर्जा प्रकाशप्रणालीच्या केंद्रापर्यंत पोहोचणे, हा भाग तापमानाची फारशी पर्वा करत नाही. त्या ऊर्जेच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवण्याचे काम मात्र रुबिस्को आणि इतर विकरे करतात, आणि विकरांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. साधारणपणे दहा अंशांमागे दुप्पट होतो असे धरण्याची प्रथा आहे. एप्ली यांनी १९७२ साली वनस्पतिप्लवकांच्या कमाल वाढीच्या वेगाची जी वरची मर्यादारेषा काढली, तिच्यात हे प्रमाण दहा अंशांमागे १.८८ पट इतके येते.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, प्रकाश अपुरा असेल तेव्हा गती ठरवणारा भाग पहिला असतो आणि तापमानाचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही. प्रकाश भरपूर असेल तेव्हा गती दुसरा भाग ठरवतो आणि तापमानाचा परिणाम पूर्ण दिसतो. हे एका कल्पित उदाहरणात ताडून पाहू. समजा एखाद्या शैवालाच्या प्रकाश-प्रतिसाद वक्राचा सुरुवातीचा उतार ०.०२ आहे आणि तो तापमानाने बदलत नाही. १२ अंश सेल्सिअसला त्याची कमाल गती १.० एकक आहे, तर २६ अंशांना ती २.६ एकक आहे. कमाल गतीला उताराने भागले की ज्या प्रकाशाच्या आसपास शैवाल संपृक्त होऊ लागते (म्हणजे त्याहून जास्त प्रकाशाने गती फारशी वाढत नाही) तो आकडा मिळतो. तो १२ अंशांना ५० आणि २६ अंशांना १३० मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतका येतो. आता इनक्युबेटरमध्ये ६० मायक्रोमोलचा प्रकाश लावून दोन्ही तापमानांना गती मोजली, तर जॅस्बी आणि प्लॅट यांच्या १९७६ च्या सूत्रानुसार १२ अंशांना ०.८३ आणि २६ अंशांना १.१२ मिळेल. या दोन आकड्यांवरून काढलेला दहा अंशांचा गुणक (तापमान दहा अंशांनी वाढले की गती किती पट होते तो आकडा) सुमारे १.२४ येतो, तर कमाल गतींवरून काढलेला १.९८. शैवाल तेच, उपकरण तेच, तापमानेही तीच, आणि तरी एक प्रयोगकर्ता म्हणेल की तापमानाचा परिणाम नगण्य आहे, तर दुसरा म्हणेल की तो मोठा आहे. दोघांचीही मोजणी अचूक आहे. पहिल्याने थंडीत संपृक्त झालेल्या शैवालाची तुलना उबेत प्रकाशासाठी आसुसलेल्या शैवालाशी केली, एवढेच.

म्हणून प्रत्येक तापमानाला प्रकाशाचा पूर्ण वक्र काढावा. अंधारापासून सुरुवात करून आठ ते दहा प्रकाश-पातळ्या घ्याव्यात, त्यांपैकी निम्म्या खालच्या, उताराच्या भागात असाव्यात, आणि वरची पातळी इतकी तीव्र असावी की वक्र सपाट झालेला स्पष्ट दिसेल. सर्वांत तीव्र प्रकाशात गती पुन्हा घसरत असेल, तर प्लॅट आणि सहकाऱ्यांचे १९८० चे सूत्र वापरावे, कारण त्यात प्रकाशजन्य अवरोधासाठी वेगळी संज्ञा आहे. वेळेअभावी पूर्ण वक्र काढणे अशक्यच असेल, तर निदान सर्वांत उबदार तापमानालाही संपृक्त ठरेल असा प्रकाश निवडावा. परंतु तोच प्रकाश सर्वांत थंड तापमानाला घातक ठरू शकतो, ही अडचण तशीच राहते.

प्रश्न नेमका कोणता, हे आधी लिहून ठेवावे

२० अंशांना वाढवलेले शैवाल थेट २८ अंशांच्या कक्षात घालून अर्ध्या तासात मोजणी केली, तर मिळणारे उत्तर हे तात्काळ प्रतिसादाचे असते. तेच शैवाल कित्येक पिढ्या २८ अंशांना वाढवून मग मोजले, तर मिळणारे उत्तर अनुकूलित प्रतिसादाचे असते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. भरतीबरोबर उथळ खाडीत शिरलेल्या किंवा दिवसभरात वर-खाली स्थलांतर करणाऱ्या शैवालाला पहिला प्रश्न लागू पडतो. सबंध उन्हाळा किंचित उबदार गेला तर काय होईल, हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. अनुकूलनाच्या काळात पेशी पटलांतील मेदाम्लांची संपृक्तता बदलते, विकरांचे प्रमाण बदलते आणि हरितद्रव्याचा साठाही बदलतो, त्यामुळे दोन्ही वक्रांची शिखरे वेगळ्या ठिकाणी येणे अगदी स्वाभाविक आहे.

अनुकूलनासाठी किती थांबावे, याचा हिशेब दिवसांत न करता पिढ्यांत करावा. आठ ते दहा पिढ्या हा बऱ्यापैकी मान्य असा संकेत आहे. समजा, एका डायनोफ्लॅजेलेटच्या (चाबकासारख्या दोन शेपट्यांनी पोहणाऱ्या एकपेशीय सजीवाच्या) संवर्धनात मिलिलिटरमागे १२०० पेशी होत्या आणि तीन दिवसांनी २१०० झाल्या. २१०० ला १२०० ने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला व तीनने भागले, तर वाढीचा दर दिवसाला ०.१८७ येतो, म्हणजे संख्या दुप्पट व्हायला ३.७ दिवस लागतात. अशा शैवालाला दहा पिढ्यांसाठी सदतीस दिवस हवेत, आणि सर्वांत थंड तापमानाला त्याहूनही जास्त. डायटमवर काम करण्याची सवय असलेल्यांना हा कालावधी अवाजवी वाटतो, कारण त्यांची संवर्धने आठवडाभरात तेवढ्या पिढ्या उरकतात. पण संथ वाढणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटला आठवडाभरात अनुकूलित झालेले समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत सोयीस्कर चूक आहे, असे माझे मत आहे. तापमान बदलताना एका वेळी एक-दोन अंशांहून मोठी उडी घेऊ नये, आणि सलग तीन वेळा मोजलेला वाढीचा दर स्थिर येईपर्यंत मोजणी सुरू करू नये.

शैवाल निवडणे आणि सांभाळणे

घातक शैवाल हा काही एकच कुलगट नाही. कॅरेनिया ब्रेव्हिस, अलेक्झांड्रियम आणि मार्गालेफिडिनियम हे डायनोफ्लॅजेलेट आहेत, स्यूडो-निट्झशिया डायटम आहे, हेटेरोसिग्मा आणि चॅटोनेला रॅफिडोफाइट आहेत, आणि प्रिम्नेशियम हॅप्टोफाइट आहे. त्यांच्या तापमानमर्यादा वेगळ्या असतात: मेक्सिकोच्या आखातातील कॅरेनिया ब्रेव्हिस साधारण २० ते २८ अंशांच्या पाण्यात सुखाने वाढते, तर अलेक्झांड्रियमच्या अनेक जाती त्याहून बऱ्याच थंड पाण्यात उद्रेक घडवतात. एकाच जातीच्या दोन वाणांतही फरक असतो, म्हणून वाणाचा क्रमांक, तो कोणत्या समुद्रातून व कोणत्या वर्षी वेगळा केला, आणि तेव्हापासून कोणत्या तापमानाला सांभाळला, हे सर्व नोंदवावे. अमेरिकेतील बिगेलो प्रयोगशाळेचा संग्रह, स्कॉटलंडमधील सीसीएपी आणि जपानमधील एनआयईएस यांसारख्या संग्रहांतून ओळख पटलेले वाण मिळतात. मात्र दशकानुदशके एकाच तापमानाला वाढलेला वाण समुद्रातील आपल्या भाऊबंदांसारखाच वागेल, याची खात्री धरू नये.

काही घातक सजीव या प्रयोगासाठी मुळातच अवघड आहेत. डायनोफायसिसचे हरितलवक स्वतःचे नसतात: ते मेसोडिनियम या रोमकीला खाऊन तिच्यातील हरितलवके चोरते, आणि मेसोडिनियमने ती आधी क्रिप्टोफाइट शैवालाकडून उचललेली असतात. अशा वेळी तापमानाचा परिणाम नक्की कोणाच्या प्रकाशसंश्लेषणावर मोजला, असा प्रश्न उभा राहतो. अरबी समुद्रातील हिरव्या नॉक्टिल्युकाच्या बाबतीतही प्रकाशसंश्लेषण तिच्या पोटातील सहजीवी शैवाल करते. नवख्याने सुरुवात अशा सजीवांपासून करू नये.

माध्यम म्हणून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात बनवलेले एफ-बाय-टू किंवा एल-वन हे मिश्रण चालते. डायटमसाठी त्यात सिलिकेट घालणे आवश्यक आहे. क्षारता सर्व फ्लास्कमध्ये एकच ठेवावी, आणि उबदार इनक्युबेटरमध्ये बाष्पीभवनाने ती आठवड्यागणिक वाढत नाही ना, हे रिफ्रॅक्टोमीटरने पाहत राहावे. डायनोफ्लॅजेलेटची संवर्धने हलवण्याच्या यंत्रावर ठेवू नयेत, कारण सततची घुसळण त्यांतील अनेकांची वाढ थांबवते. दिवसातून एकदा फ्लास्क हाताने हळूच गोल फिरवणे पुरते.

संवर्धन विरळ ठेवणे फार महत्त्वाचे आहे, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दाट संवर्धनात शैवाल कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने शोषते की पीएच ९ च्या वर जातो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जवळपास संपतो. उबदार फ्लास्कमध्ये वाढ वेगवान असल्याने ही स्थिती तिथे आधी येते. मग जो परिणाम तापमानाचा म्हणून नोंदला जातो, तो प्रत्यक्षात कार्बनच्या टंचाईचा असतो. पेरिडिनिन असलेल्या डायनोफ्लॅजेलेटमध्ये ही अडचण विशेष तीव्र असते. त्यांच्याकडील रुबिस्को दुसऱ्या प्रकारचे (फॉर्म-२) असून कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत फरक करण्यात ते कमकुवत आहे, आणि पाणी तापले की रुबिस्कोची ही निवडक्षमता आणखी घसरते. म्हणून संवर्धन अर्ध-सातत्य पद्धतीने चालवावे: दर दोन-तीन दिवसांनी पेशी मोजाव्यात, जेवढी वाढ झाली तेवढे संवर्धन काढून त्याच तापमानाचे ताजे माध्यम घालावे, आणि पीएच ८.५ च्या खाली राखावा.

फ्लास्कमधले तापमान हेच खरे तापमान

माझा पहिला संपूर्ण प्रयोग याच मुद्द्यावर वाया गेला. इनक्युबेटरच्या दर्शनी पट्टीवर २४.० हा आकडा आठवडेच्या आठवडे जराही न हलता दिसत होता, आणि मी तोच वहीत उतरवत होतो. एके दुपारी सहज म्हणून एका फ्लास्कमध्ये बारीक थर्मोकपल सोडले, तर माध्यमाचे तापमान २६.३ निघाले, रात्री दिवे विझल्यावर तेच २३.८ वर आले. दिवे कप्प्याच्या अगदी वर होते, फ्लास्क प्रकाश शोषून तापत होते, आणि यंत्राचा संवेदक मात्र मागच्या भिंतीवर पंख्याच्या वाऱ्यात बसला होता. वरच्या कप्प्यातील फ्लास्क खालच्या कप्प्यातील फ्लास्कपेक्षा एक अंशाने गरम होते, हेही त्याच दिवशी कळले. शिखराच्या पलीकडे जिथे वक्र कड्यासारखा कोसळतो, तिथे दोन अंशांची चूक म्हणजे जिवंत आणि मृत संवर्धनातला फरक असतो.

त्यामुळे संवर्धनाइतकेच माध्यम भरलेला एक रिकामा, म्हणजे शैवाल नसलेला, फ्लास्क प्रत्येक कप्प्यात ठेवून त्यात तापमान-नोंदक बुडवावा आणि दिवस-रात्र दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी. अहवालात द्यायचे तापमान हेच. शक्य असल्यास हवेच्या इनक्युबेटरऐवजी पाण्याच्या टाक्या वापराव्यात, कारण पाणी उष्णता वाहून नेते आणि फ्लास्क एकसारखे राहतात. एका टोकाला तापवलेली व दुसऱ्या टोकाला थंड केलेली जाड ॲल्युमिनियमची लादी, तिच्यात नळ्यांसाठी पाडलेली भोके, हे साधनही उत्तम चालते आणि एकाच वेळी डझनभर तापमाने मिळतात.

तापमानांची निवड समान अंतराने करण्याची सवय सोडावी. तापमानाचा वक्र सममित नसतो. थंड बाजूने तो सावकाश चढतो, शिखर गाठतो आणि उष्ण बाजूला झपाट्याने पडतो. ५, १०, १५, २०, २५, ३० अशी तापमाने घेतली, तर शिखर आणि उतार दोन्ही शेवटच्या दोन बिंदूंच्या मधल्या फटीत हरवतात. त्याऐवजी समशीतोष्ण पाण्यातील जातीसाठी १०, १४, १८, २२, २४, २६, २८ आणि ३० अशी, उष्ण टोकाला दाटीवाटीची मांडणी करावी.

आणखी एक गोष्ट संख्याशास्त्राची आहे. एका इनक्युबेटरमध्ये ठेवलेले चार फ्लास्क म्हणजे तापमानाच्या चार स्वतंत्र पुनरावृत्ती नव्हेत, कारण त्या चारही फ्लास्कवर त्या एकाच यंत्राच्या साऱ्या खोडी समान लागू होतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला आभासी पुनरावृत्ती म्हटले. प्रत्येक तापमानाला तीन इनक्युबेटर कोणाकडेच नसतात. मग निदान इनक्युबेटरांची तापमाने अदलाबदल करून संपूर्ण प्रयोग दुसऱ्यांदा करावा, किंवा विश्लेषणात वेगवेगळ्या तापमानांच्या जोड्यांची तुलना न करता सर्व बिंदूंतून एक वक्र बसवावा.

मोजणी

मोजणीची वेळ रोज एकच असावी. लिंग्युलोडिनियमसारख्या डायनोफ्लॅजेलेटमध्ये प्रकाशसंश्लेषणाची क्षमता शरीरातील घड्याळाप्रमाणे दिवसभरात चढते-उतरते आणि सततच्या प्रकाशातही ही लय काही काळ टिकते. सकाळी थंड संवर्धने आणि दुपारी उबदार संवर्धने मोजली, तर घड्याळाचा परिणाम तापमानाच्या नावावर जमा होतो. दिवे लागल्यानंतर तीन-चार तासांची वेळ ठरवून घ्यावी. सर्व संवर्धने एका दिवसात होत नसतील तर त्यांची दिवसांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी.

सर्वांत जलद साधन म्हणजे पॅम फ्लुरोमीटर. नमुना पंधरा-वीस मिनिटे अंधारात, पण त्याच्या स्वतःच्या तापमानाला ठेवून, मग किमान व कमाल प्रतिदीप्ती मोजतात आणि दोहोंतील फरकाला कमाल प्रतिदीप्तीने भागून दुसऱ्या प्रकाशप्रणालीची (फोटोसिस्टिम-२ ची) कार्यक्षमता काढतात. निरोगी डायटममध्ये हे गुणोत्तर ०.६ ते ०.७ च्या आसपास असते, डायनोफ्लॅजेलेटमध्ये बहुधा त्याहून थोडे कमी. नमुना मोजण्याआधी त्याच संवर्धनातील गाळलेले पाणी मोजून त्याची पार्श्वप्रतिदीप्ती वजा करावी, कारण जुन्या संवर्धनातील विरघळलेली द्रव्येही चमकतात. मोजणीची कुपी तापमान-नियंत्रित असली पाहिजे. खोलीच्या तापमानाच्या कुपीत १२ अंशांचा नमुना ओतला की मिनिटागणिक तो बदलू लागतो.

या गुणोत्तराला वेगाचे माप समजण्याची चूक मात्र होऊ नये. बऱ्याच मोठ्या तापमानपट्ट्यात ते जवळपास तसेच राहते आणि मग एकाएकी कोसळते. उष्णतेत दुसऱ्या प्रकाशप्रणालीतील डी-वन प्रथिनाची दुरुस्ती मंदावते, आणि दुरुस्तीहून मोडतोड जास्त झाली की गुणोत्तर पडते. थंडीत कारण वेगळे असते: विकरे संथ असल्याने शोषलेली ऊर्जा खर्चच होत नाही, आणि मध्यम प्रकाशही शैवालाला प्रखर वाटू लागतो. अशा वेळी डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट आपल्या डायडिनोझँथिनचे डायॲटोझँथिनमध्ये रूपांतर करून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देतात. तेव्हा हे गुणोत्तर म्हणजे धोक्याची घंटा आहे, आणि घंटा वाजेपर्यंत वाढीचा दर कधीच घसरलेला असू शकतो.

खरा वेग हवा असेल तर ऑक्सिजन मोजावा. बंद, ढवळण्याची सोय असलेल्या आणि पाण्याच्या आवरणाने तापमान राखलेल्या कक्षात नमुना भरावा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नये, आणि आधी अंधारात, मग वाढत्या प्रकाशात, प्रत्येक पातळीला ऑक्सिजनची रेषा सरळ होईपर्यंत नोंद घ्यावी. ढवळण्याचा वेग इतकाच ठेवावा की पेशी तळाला बसणार नाहीत. ऑक्सिजन संवेदकाचे प्रमाणीकरण प्रत्येक तापमानाला नव्याने करणे अनिवार्य आहे. ३५ क्षारतेच्या, हवेने संपृक्त झालेल्या समुद्राच्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ७.४ आणि ३० अंशांना ६.२. म्हणजे २० अंशांचे प्रमाणीकरण वापरून ३० अंशांचा नमुना वाचला, तर शंभर टक्क्यांचा अर्थच बदललेला असतो. याच कारणाने थंड माध्यम कक्षात घालून तापवले की जादा वायू बाहेर पडतो आणि काचेला बारीक मोत्यांसारखे बुडबुडे चिकटतात. ते दिसले की ती मोजणी रद्द समजावी. माध्यम आदल्या रात्रीपासून मोजणीच्या तापमानाला उघडे ठेवले की हा त्रास होत नाही.

अंधारातील ऑक्सिजनचा ऱ्हास म्हणजे श्वसन, आणि ते मोजल्याशिवाय तापमानाचा प्रयोग अपुरा आहे. समजा १८ अंशांना निव्वळ उत्पादन १२ एकक आणि श्वसन ३ एकक आहे, तर २६ अंशांना निव्वळ २० आणि श्वसन ६. एकूण प्रकाशसंश्लेषण १५ वरून २६ वर गेले, म्हणजे दहा अंशांचा गुणक सुमारे २ झाला. श्वसनाचा गुणक मात्र २.४ येतो. आणखी तापवत गेल्यास श्वसन आपल्या वाट्याहून जास्त खात जाते, आणि म्हणूनच वाढीचे शिखर प्रकाशसंश्लेषणाच्या शिखराहून थंड बाजूला सापडणे सामान्य आहे. हे दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढल्यावर जे कळते, ते दोन वेगळ्या आलेखांवरून कळत नाही.

स्टीमन नील्सन यांनी १९५२ साली मांडलेली किरणोत्सारी कार्बन-१४ ची पद्धत यापेक्षाही संवेदनशील आहे आणि समुद्रातील विरळ नमुन्यांसाठी विशेष उपयोगी पडते, पण तिला परवाना आणि वेगळी कचरा-व्यवस्था लागते. प्रयोगशाळेतील संवर्धनांसाठी ऑक्सिजन पुरेसा आहे. फ्लुरोमीटरने काढलेला इलेक्ट्रॉन-वहनाचा वेग आणि ऑक्सिजनचा वेग दोन्ही मोजता आले, तर त्यांच्यातील दरी तापमानाबरोबर कशी रुंदावते ते अवश्य पाहावे. ती रुंदावली, तर इलेक्ट्रॉन पाण्यातून निघून पुन्हा ऑक्सिजनकडेच जात आहेत, अशी शंका घेण्यास जागा असते.

आकडे कशाने भागावेत

वेग पेशीमागे द्यावा, हरितद्रव्यामागे द्यावा की कार्बनमागे, यावर निष्कर्ष उलटू शकतो. थंडीत वाढलेल्या पेशी पुष्कळदा हरितद्रव्य कमी बाळगतात. समजा १५ वरून २५ अंशांना जाताना पेशीमागचा वेग दुप्पट झाला आणि पेशीतील हरितद्रव्य १.६ पट झाले, तर हरितद्रव्यामागचा वेग केवळ १.२५ पट दिसेल. पेशींचा आकारही तापमानाने बदलतो, त्यामुळे पेशीमागचा आकडाही निर्दोष नाही. म्हणून प्रत्येक मोजणीच्या दिवशी ल्यूगॉलच्या आयोडीनमध्ये स्थिर केलेल्या पेशी सेज्विक-राफ्टर पट्टीवर मोजाव्यात, हरितद्रव्य ९० टक्के ॲसिटोनमध्ये काढावे, शक्य असल्यास पेशीतील कार्बनही मोजावा, आणि सर्व भाजक जाहीर करावेत.

वक्र बसवताना दहा अंशांचा गुणक शिखराच्या अलीकडील, चढत्या भागापुरताच वापरावा. शिखर ओलांडणाऱ्या दोन बिंदूंमधून काढलेला गुणक निरर्थक असतो. संपूर्ण वक्रासाठी शार्प-स्कूलफील्ड प्रकारचे सूत्र वापरतात. त्यात तापमान केल्विनमध्ये घालायचे असते, आणि केल्विनऐवजी सेल्सिअस घातल्याने बिघडलेली आकडेमोड मी अनेक विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिली आहे. सूत्रात चार-पाच अज्ञात राशी असल्याने सात-आठ तापमानांहून कमी बिंदू असतील, तर ते बसवण्याच्या फंदात पडू नये आणि बिंदू तसेच दाखवावेत.

प्रकाशसंश्लेषणाचे शिखर सापडले म्हणजे विषाचे शिखर सापडले, असेही नव्हे. अलेक्झांड्रियममध्ये थंड पाण्यात वाढ मंदावली की पेशीमागचे सॅक्सिटॉक्सिन वाढल्याची निरीक्षणे आहेत. उबदार पाण्यात पेशी जास्त आणि थंड पाण्यात प्रत्येक पेशी अधिक विषारी, अशी स्थिती असू शकते. विष मोजले नसेल, तर निष्कर्षात धोका वाढला वा घटला असा शब्द वापरू नये.

हाताळणी

हातमोजे आणि डोळ्यांचे संरक्षण नेहमी वापरावे. कॅरेनिया ब्रेव्हिसच्या पेशी नाजूक असून सहज फुटतात, आणि तिच्या ब्रेव्हेटॉक्सिनचे तुषार श्वासावाटे त्रास देतात, म्हणून तिच्या संवर्धनातून हवा बुडबुडवू नये आणि ओतण्याचे काम हवा खेचणाऱ्या कपाटात करावे. सॅक्सिटॉक्सिन हे रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे संस्थेच्या सुरक्षा समितीला वाणाची माहिती आधीच द्यावी. संवर्धन संपल्यावर ते थेट नाल्यात सोडू नये. ऑटोक्लेव्हने पेशी मरतात, पण विष नष्ट झाले असे धरता येत नाही, म्हणून सुरक्षा समितीने ठरवून दिलेल्या तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पुरेसा वेळ ठेवून मगच विल्हेवाट लावावी.

मात्र सर्व संवर्धने टाकून देण्याआधी एक मोजणी उरते. सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड संवर्धनांतून थोडा भाग घेऊन तो टप्प्याटप्प्याने मूळ तापमानाला परत आणावा, आणि कार्यक्षमतेचे गुणोत्तर व वाढीचा दर दोन आठवडे पाहावा. थंडीत निपचित पडलेले संवर्धन बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. उष्णतेतून परत आलेले संवर्धन पूर्ववत होते की नाही, यावरून शिखरापलीकडील घसरण ही तात्पुरती मंदी होती की पेशींची कायमची हानी, हे ठरते. आणि वक्राच्या त्या भागाला काय नाव द्यायचे, ते या नोंदीनंतरच लिहावे.